समुद्राकाठी दोन खोल्या घ्यायच्या, पण कोणत्या गावात?

एप्रिल लागला, मुलांच्या परीक्षा संपत आल्या की दिवा, नालासोपारा, विक्रोळी, वरळी, उल्हासनगर येथील आपल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो. गाडीचे आरक्षण मिळाले का? गावाला किती दिवस राहायचे? अलीकडे ह्या बोलण्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. वडिलांचा फंड आला आहे, मुलगा नोकरीला लागला आहे, सून शाळेत शिकवते. मग समुद्राच्या काठी आपल्याही दोन खोल्या का नसाव्यात? उन्हाळ्यात पोरेबाळे महिनाभर तेथे राहतील, पुढे म्हातारपणी आपणही जाऊन राहू.

हा प्रश्न आम्हाला मनापासून आवडला. समुद्राकाठचे घर ही मोठ्या लोकांची चैन आहे असे आपण फार वर्षे धरून चाललो. आपला समुद्राशी संबंध नव्हता असे नाही, पण तो कष्टाचा होता. माता रमाईंचे माहेर दापोलीजवळचे वणंद. त्यांचे वडील दाभोळच्या बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. मुंबईच्या गोदीत पाठीवर गोणी घेणाऱ्यांत कोकणातले आपले बाप-आजे होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघून दासगाव बंदरात उतरले, तेही समुद्रमार्गेच. त्या समुद्राकडे तोंड करून आपल्या नातवंडांनी पडवीत बसून आंबे खावेत, ह्यात चैन कसली?

मात्र फंडाचा पैसा एकदाच येतो. तो चुकीच्या गावात, चुकीच्या कागदावर गेला तर घर तर राहतेच बाजूला, मुलीच्या शिक्षणाचे पैसेही जातात. म्हणून हा लेख.

आधी आपले स्वतःचे गाव पाहा

ज्यांचे मूळ गाव रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात आहे त्यांना आमचे पहिले सांगणे असे, की नवीन जागेच्या जाहिराती पाहण्यापूर्वी स्वतःच्या वाडीचा उतारा काढा. मंडणगड, दापोली, गुहागर, श्रीवर्धन, म्हसळा ह्या तालुक्यांतली आपली कितीतरी गावे समुद्रापासून किंवा खाडीपासून तास-अर्ध्या तासावर आहेत. घर पडलेले असेल, पण जोत्याचे चिरे जागेवर असतात आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात घरपट्टी आजोबांच्या नावाने चालू असते. गावठाणातल्या जुन्या घराची दुरुस्ती करणे हे नवी जमीन घेण्यापेक्षा स्वस्त पडते आणि त्यात फसवणुकीला जागा कमी असते.

कोकणात आपल्या लोकांच्या नावावर जमीन थोडी, ह्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. खोताची जमीन कसायची आणि खोताने म्हणेल तेव्हा सोडायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्यामुळे जी काही जमीन आपल्याकडे आहे ती बहुधा कुळ म्हणून मिळालेली किंवा वतनाची. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने संपली आणि त्या जमिनी नवीन शर्तीवर मूळ वतनदारांच्या नावे झाल्या. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले दिसते ते ह्याच गोष्टीमुळे. अशी जमीन विकायची किंवा तिचा वापर बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा ह्यांचे नियम आहेत. ते डावलून केलेला व्यवहार सरकार रद्द करू शकते.

हे इतके विस्ताराने सांगायचे कारण आहे. समुद्राकडच्या गावांत दलाल फिरतात, आणि त्यांना वतनाच्या जमिनीचा वास लवकर लागतो. मुंबईला राहणारा भाऊबंद गाठायचा, चार पैसे हातावर ठेवायचे, कोऱ्या मुद्रांकावर आणि मुखत्यारपत्रावर सह्या घ्यायच्या, बाकीचे आम्ही पाहतो म्हणून सांगायचे. पाच वर्षांनी त्याच जागेवर हॉटेल उभे राहते आणि आपली माणसे तेथे भांडी घासायला जातात. घर घ्यायचा विचार करणाऱ्या कुटुंबाने आधी आपली जमीन अशी जात नाही ना, हे पाहावे.

सामाईक सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे असतात आणि निम्मी माणसे हयात नसतात. वारसनोंद करून घेणे हे कंटाळवाणे काम आहे, पण मे महिन्यात सारे भाऊबंद गावात जमतात तेव्हाच ते होते. त्यात बहिणींची नावे गाळू नका. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला आहे. राखीच्या दिवशी किंवा लग्नाच्या गडबडीत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ आपल्यातही आहेत. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

किनाऱ्यावर कोठे?

ज्यांचे मूळ गाव सातारा, सोलापूर, मराठवाडा किंवा विदर्भात आहे, त्यांना समुद्राकाठी घर म्हणजे नव्यानेच घ्यावे लागणार. त्यांच्यासाठी थोडे गावोगावचे.

अलिबागचा मोह सर्वांना पडतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून गाड्या नेणारी मोठी बोट जाते, जानेवारी २०२४ पासून शिवडीहून न्हावाशेव्याला जाणारा अटल सेतूही झाला. परंतु ह्याच सोयींमुळे किहीम, आवास, नागाव ही गावे आपल्या खिशाच्या बाहेर गेली आहेत. तेथे श्रीमंतांची कुंपणे इतकी उंच झाली आहेत की मूळ गावकऱ्यालाच समुद्राकडे जाणारी पाणंद शोधावी लागते. फंडाच्या पैशात तेथे फार तर समुद्रापासून दूर, एखाद्या इमारतीत एक खोली मिळेल. ती खोली मुंबईच्या खोलीसारखीच. मग मुंबई काय वाईट?

श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर हा पट्टा पोफळीच्या बागांचा. माणगाव स्थानकात उतरून तेथून एस.टी.ने सुमारे ४५ किलोमीटर. किनारा सुरेख, बाजार हाताशी. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने ह्याच पट्ट्यात काय केले ते विसरून चालणार नाही. पन्नास-पन्नास वर्षांच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडून शेजारच्या गावात जाऊन पडले, कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. तेव्हा येथे घर घेणाऱ्याने किनाऱ्यालगतच्या वाळूवरची जागा न घेता जरा वर, कातळाच्या बाजूची घ्यावी.

आमचे मन विचाराल तर ते दापोली-मंडणगडकडे झुकते. त्याला भावनेचे कारण आहे हे नाकारत नाही. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, रमाईंचे वणंद येथेच, आणि सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले होते. पण भावनेवर घर बांधता येत नाही, म्हणून इतर कारणेही सांगतो. खेड स्थानकापासून दापोली सुमारे ३० किलोमीटर. दापोली शहर डोंगरावर असल्यामुळे मे महिन्यात संध्याकाळी वारा गार लागतो. कृषी विद्यापीठ असल्यामुळे शाळा, दवाखाने, दुकाने, भाड्याच्या खोल्या ह्यांची सोय तालुक्याच्या मानाने चांगली आहे. हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर हे किनारे एस.टी. किंवा वडापने थोड्या वेळात गाठता येतात. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव पाहायला लहान मुलांना जरूर न्यावे, मात्र जून-जुलैत मासेमारी बंद असते. घर दापोलीजवळच्या गावात, आणि समुद्र रविवारचा, अशी विभागणी आम्हाला शहाणपणाची वाटते. समुद्रापासून पाच-दहा किलोमीटर आत सरकले की जागेचा भाव उतरतो, विहिरीचे पाणी गोड लागते आणि खारा वाराही घराच्या लोखंडाला इतका खात नाही.

गुहागरला चिपळूणहून जावे लागते, किनारा लांबलचक आणि गाव शांत. मालवणसाठी कुडाळला उतरायचे. मुंबईहून रात्रभराचा प्रवास असल्याने शनिवार-रविवारी जाणे होत नाही. महिनाभर राहणाऱ्यांना चालेल.

पाणी, आणि माणसे

जागा पाहायला सगळे जण दिवाळीत नाहीतर नाताळात जातात. तेव्हा कोकण हिरवेगार असते, विहीर भरलेली असते. आपण तर राहायला जाणार मे महिन्यात! कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, परंतु जांभ्या दगडातून तो खाली निघून जातो आणि उतारावरून समुद्राला मिळतो. मार्च संपला की वरच्या वाड्यांतल्या विहिरी तळ दाखवतात. किनाऱ्यालगत जास्त उपसा झाला की पाणी मचूळ होते. म्हणून जागा पाहायची ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात. विहिरीत दोर सोडून पाहावा, पाणी घोटभर पिऊन पाहावे, नळयोजना असेल तर नळ किती दिवसांनी येतो हे पुरुषांना न विचारता हंडे उचलणाऱ्या बायकांना विचारावे.

आता ज्या गोष्टीविषयी जाहिरातीत एक अक्षर नसते ती. जागा दाखवणारा गोड बोलतो. चहा होतो. मग नाव विचारले जाते, मग आडनाव, मग ‘मूळ गाव कोणते, वाडी कोणती?’ आणि दोन दिवसांनी निरोप येतो की ती जागा भावाने देऊ नये म्हटले. असा अनुभव सांगणारी कुटुंबे आम्हाला एक नाही, अनेक भेटली. भाव एकाएकी दीडपट होणे, हाही त्याचाच एक प्रकार.

ह्यावर दोन विचार आपल्यात आहेत. एक म्हणतो, कशाला त्या गावात जाता, जेथे आपली वस्ती मोठी, जेथे विहार आहे, तेथेच घर घ्या. सुटीत मुलांना सोबत मिळते, वंदनेला चार माणसे जमतात, रात्री-अपरात्री हाक मारली तर दार उघडते. दुसरा विचार असा, की आपण का म्हणून कोपऱ्यातच राहावे? किनाऱ्याच्या बहुतेक गावांत समुद्रासमोरची बागायत दुसऱ्यांची आणि आपली वाडी वर माळावर किंवा गावाच्या टोकाला. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण नाव बदलले म्हणून वाडीची जागा बदलत नाही. पैसे देऊन, खरेदीखत करून समोरच्या आळीत घर घेणे हाही हक्क बजावणेच आहे.

आम्हाला दोन्ही विचार पटतात, तरी सल्ला देताना एक भेद करतो. जे वर्षातून महिनाभरच जाणार, ज्यांच्या घरात म्हातारी माणसे व लहान मुले आहेत, त्यांनी आपली किमान दहा-पंधरा घरे असलेले गाव निवडावे. ज्यांचा मुलगा त्याच तालुक्यात शिक्षक, तलाठी, कंडक्टर म्हणून नोकरीला आहे, गावात ज्याची ओळख आहे, त्याने बाजारपेठेजवळ घर घ्यायला मुळीच कचरू नये.

कोणत्याही गावात सौदा करण्यापूर्वी चार गोष्टींची विचारपूस करावी. सार्वजनिक विहिरीवर सगळे भरतात का? स्मशानाची वाट कोणाच्या जागेतून जाते, आणि ती पावसात उघडी असते का? चौदा एप्रिलची मिरवणूक पेठेतून जाते की वाडीतच फिरून परत येते? आणि गावकीने कोणाला वाळीत टाकले आहे काय? ह्या शेवटच्या प्रश्नाला रायगड-रत्नागिरीत फार अर्थ आहे. वाळीत टाकण्याची प्रकरणे ह्या भागात सर्वच जातींत इतकी झाली, की महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्यात २०१५ च्या दुरुस्तीने पाणवठा, रस्ता, स्मशान ह्यांची अडवणूक व बहिष्कार हे गुन्हे स्पष्ट शब्दांत घातले आहेत. कायदा पाठीशी आहे हे चांगलेच. पण सुटीच्या घरासाठी दरवर्षी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल असे गाव निवडण्यात हशील नाही.

कागद

बिनशेती नसलेली, म्हणजे शेतीची जमीन जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे परवानगीवाचून घेता येत नाही. तुमच्या वा तुमच्या वडिलांच्या नावे राज्यात कोठेही सातबारा असेल तर शेतकरी असल्याचा तो पुरावा जपून ठेवा. ‘सी-व्ह्यू प्लॉट, एक गुंठा, सुलभ हप्ते’ अशा रंगीत पत्रकांपासून दूर राहा. एक गुंठ्याचा वेगळा सातबारा होतो की नाही हे तुकडेबंदीच्या कायद्यावर अवलंबून असते, आणि त्या कायद्यात अलीकडे बदल झाले आहेत, तेव्हा दलालाला न विचारता तहसील कचेरीत विचारा. मोठ्या जागेचे भूखंड पाडून विकणारी योजना महारेराकडे नोंदवलेली असली पाहिजे. नोटरीसमोर केलेले साठेखत किंवा मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्वच्छ सांगितले आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखत आणि त्यानंतर फेरफार, एवढे झाले तरच जागा आपली.

समुद्राकाठी आणखी एक रेषा असते, डोळ्यांना न दिसणारी. भरतीचे पाणी कमाल जेथवर चढते ती उच्चतम भरतीरेषा. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ साली आले, २०११ आणि २०१९ साली बदलले. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात ह्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत, आणि दाट वस्तीच्या गावांत ५० मीटरपर्यंत, नवे बांधकाम करता येत नाही. खाडीकाठालाही नियम आहेत. तेव्हा ‘दारातून लाटा दिसतील’ असे जो सांगेल त्याच्याकडे नकाशावरची रेषा मागा. लाटा दारातून दिसत असतील तर ते दार बहुधा बेकायदा आहे.

कर्ज काढून सुटीचे घर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा दोघा-तिघा भावंडांनी किंवा एकाच खात्यातून निवृत्त झालेल्या मित्रांनी मिळून एक घर घ्यावे, प्रत्येकाचे नाव खरेदीखतात घालावे, आणि कोणी मे महिन्याचा कोणता पंधरवडा वापरायचा हे आधीच लिहून ठेवावे. बायकांचीही नावे घालावीत.

आणि घाई कशाला? एक-दोन उन्हाळे भाड्याने राहून पाहा. मंडणगडच्या वेळास गावात कासवाची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, आणि गावकरी आपल्याच घरांत त्यांची जेवणाची-निजण्याची सोय करतात. अशी सोय आता किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी आहे. पाच-सहा दिवस राहिले की गाव कळते.

मुलांना घेऊन जाणाऱ्या आयांसाठी थोडे. शांत दिसणारा समुद्र ओहोटीला ओढतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी एकाच दुपारी बुडाले. स्थानिक कोळी जेथे उतरू नका म्हणतो तेथे उतरू नये. उन्हाळ्यात चिरे, लाकडे, जुनी कौले उचलताना विंचू निघतो. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेवर उपचार मिळाले तर जीव वाचतो. पण वेळेवर म्हणजे मांत्रिकाकडे न जाता. घर पाहतानाच सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे, तेथे सर्पदंशाची लस असते का, हे विचारून ठेवा.

घर कसे असावे ह्याबद्दल लोक फार बोलतात. आम्हाला थोडेच सांगायचे आहे. चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, रुंद पडवी. सपाट स्लॅब कोकणच्या पावसात गळतो, आणि खाऱ्या हवेत आतली सळई गंजून प्लास्टर सुटते. पत्रा घातलाच तर त्याला बांधणी पक्की हवी. लाकडाला वाळवी लागते, म्हणून घर अकरा महिने बंद ठेवणे हेच त्याचे मोठे दुखणे. मेअखेरीस निघण्यापूर्वी कौले परतायची, पन्हळी साफ करायच्या, पश्चिमेच्या बाजूला झड बांधायची, अंथरुणे पेटीत घालून पेटी विटांवर ठेवायची. किल्ली वाडीतल्या एखाद्या विश्वासू बाईकडे द्यावी, ती आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडील आणि जुलैत कोठे गळते ते फोनवर कळवील. तिला त्याचे महिन्याचे पैसे ठरवून द्यावेत, आणि पावसाळ्याचे चार महिन्यांचे आगाऊ द्यावेत, कारण त्या दिवसांत वाडीत कोणाकडे रोकड नसते.